रायरांची मान

डॉक्टरांनी ‘मान जपा’ म्हणून सांगितलेली पासष्टीची माणसं गल्लोगल्ली असतात. पण ‘ह्यांची मान हलतच नाही’ अशी तक्रार, आणि तीही डॉक्टरांकडून नव्हे तर भरतनाट्यम शिकवणाऱ्या बाईंकडून, ओढवून घेणारा गृहस्थ मला एकच भेटला. तो तंजावरात.

रायर हे त्यांचं नाव नव्हे. इथले तमिळ शेजारी मराठी रावांना रायर म्हणतात. राजवाड्याच्या पश्चिमेला मेलवीथी नावाचा रस्ता आहे, तिथे उभं राहून ‘रायर!’ अशी हाक मारली तर दोन-तीन खिडक्या उघडतात. आमचे रायर मात्र पहिल्या हाकेला खिडकी उघडत नाहीत. हाक आपल्यालाच आहे याची खात्री पटल्याशिवाय कुठल्याही गोष्टीला हो म्हणायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता.

‘आमचं घराणं एकोजीराजांबरोबर आलं,’ असं ते पहिल्या भेटीत सांगतात. दुसऱ्या भेटीतही सांगतात. एकोजी म्हणजे व्यंकोजी, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ. 1676 च्या सुमाराला त्यांनी तंजावर घेतलं, आणि 1855 साली इथले शेवटचे राजे वारसाविना वारले तेव्हा इंग्रजांनी ते गिळलं. राज्य गेल्यावर रायरांचं घराणं रेल्वेत चिकटलं. खुद्द रायर त्रिचीजवळच्या पोन्मलैच्या कारखान्यात हिशेब खात्यात होते. सकाळच्या पॅसेंजरनं जायचं, संध्याकाळच्या पॅसेंजरनं यायचं. काम काय? दुसऱ्यांच्या बिलांवर आक्षेप काढायचे. पस्तीस वर्षं ही मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे अशीच फिरली. निवृत्तीच्या समारंभात हार घालायला आलेल्या साहेबालाही त्यांनी हाराची पावती विचारली, असं सांगतात. रायर हे नाकारत नाहीत. पावती मिळाली नाही, एवढंच म्हणतात.

कुठलीही गोष्ट करायची तर आधी तिच्यावरचं पुस्तक वाचायचं, हा त्यांचा दुसरा शिरस्ता. पोहणं ते वाचनालयात शिकले. गावातून पुदु आरू, म्हणजे कल्लणैहून आलेला कालवा वाहतो. त्याच्या काठावर उभं राहून ते आत उडी मारणाऱ्या पोरांच्या हातवाऱ्यांतल्या चुका काढतात. स्वतः पाण्यात उतरायची गरज त्यांना कधी भासली नाही. सरस्वती महालासारखा पोथ्यांचा महासागर ज्याच्या गावात आहे, त्यानं कालव्यात कशाला उतरावं?

तर असा माणूस नाचाच्या क्लासात पोचला तो नातीमुळे.

मुलगी-जावई न्यू जर्सीत. नात नऊ वर्षांची. तिला नाच शिकवायचा ठरलं आणि मुलीनं तिला बॅलेच्या वर्गात घातलं, कारण तो घराजवळ होता आणि तिथे गाडी लावायला जागा मिळायची. ही बातमी कळली त्या दिवशी रायरांनी रात्रीचा दहीभात टाकला. मग फोनवर जे काही बोलले ते शेजारच्या मराठी न येणाऱ्या घरांनाही समजलं. ‘ज्या रस्त्यावर चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू राहिले, त्या रस्त्यावरची मुलगी तू! आणि तुझी मुलगी बॅले करणार? आम्ही इथे कुठल्या तोंडानं फिरायचं?’

हे चौघे भाऊ म्हणजे तंजावरची चौकडी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, सरफोजीराजांच्या आणि त्यांच्यानंतरच्या शिवाजीराजांच्या दरबारात होते. आज भरतनाट्यमचा कार्यक्रम अलारिप्पूनं सुरू होऊन तिल्लान्यापाशी संपतो तो क्रम या चौघांनी बांधून दिला. सरफोजीराजे 1798 ते 1832 गादीवर होते. त्यांच्या नावावर तर चक्क मराठीत नाचाच्या रचना आहेत. एकेका कथेवर ‘जयजय’पासून मंगळापर्यंत सलग गुंफलेली निरूपणं. एवढं सगळं घरात असताना बॅले.

मुलगी हिशेब खात्यातल्या माणसाचीच मुलगी. तिनं आक्षेपाला उत्तर पाठवलं : भरतनाट्यमवाल्या रुक्मिणीदेवी अरुंडेलसुद्धा आधी बॅलेच शिकल्या. रायरांनी पुस्तक काढलं. खरं निघालं. बॅले-नर्तकी अॅना पाव्हलोव्हाची ओळख झाल्यावर रुक्मिणीदेवींनी तिच्या चमूतल्या क्लिओ नॉर्डीकडे बॅलेचे धडे घेतले होते. पुढे पाव्हलोव्हानंच त्यांना ‘तुमच्या देशाचं नृत्य बघा’ म्हणून सुचवलं, आणि मग त्या पंदनल्लूरच्या मीनाक्षीसुंदरम पिल्लैंकडे शिकल्या. हे पिल्लै त्या चौघा भावांच्याच वंशातले. ‘म्हणजे फिरून तंजावरलाच आल्या!’ रायरांनी विजयी मुद्रेनं कळवलं.

यावर नातीनं फोन आईच्या हातून ओढून घेतला आणि विचारलं, ‘आजोबा, तुम्हाला एवढं माहितीय तर तुम्ही का नाही शिकत?’

आलेल्या पत्राला उत्तर गेलं नाही असं पोन्मलैच्या कचेरीत कधी घडलं नव्हतं. विजयादशमीला, म्हणजे इथे विद्यारंभाच्या दिवशी, रायर तबकात विडा, फळं आणि दक्षिणा घेऊन गल्लीच्या टोकाच्या नृत्यवर्गात हजर झाले. मामींनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, एवढंच विचारलं : ‘पँट घालून जाणार की वेष्टी नेसून?’

वर्ग गच्चीवरच्या खोलीत. सहा ते बारा वर्षांच्या मुली, अर्ध्या साडीचे सुती पोशाख, भिंतीवर नटराज, आणि समोर बाई. बाई वयानं रायरांच्या मुलीएवढ्या. मांडी घालून बसायच्या, लाकडाच्या ठोकळ्यावर काठीनं ताल द्यायच्या. मुली रायरांना ‘ताता’ म्हणू लागल्या, म्हणजे आजोबा. रायरांना काय म्हणावं ते बाईंना सुचेना; शेवटी त्यांनी ‘मामा’ ठरवलं.

पहिल्याच दिवशी रायरांनी वहीतला कागद काढला. ‘अभिनयदर्पणात शिरोभेद नऊ सांगितलेत. भरतानं नाट्यशास्त्रात तेरा दिलेत. आपल्या वर्गात कोणते ग्राह्य धरायचे?’

‘मामा,’ बाई म्हणाल्या, ‘मुदल्ल अरमंडी.’ आधी गुडघे बाहेर फाकवून अर्धं बसा.

इथे मला रायरांचं कौतुक करायलाच हवं. ते बसले. गुडघे करकरले, वेष्टी ताणली गेली, पण बसले. तट्टडवू, म्हणजे नुसतं पाय आपटणं, त्यांनी इतक्या लवकर उचललं की बाई चकित झाल्या. पायांचं काम मोजायचं असतं, आणि मोजण्यात रायरांना हरवणारा दक्षिण रेल्वेत जन्मला नव्हता. पहिल्या कालात, म्हणजे वेगात, एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. पाय अचूक पडायचे. हस्तमुद्राही आल्या. पताक, त्रिपताक, अर्धपताक हे सगळं पुस्तकात चित्रांसकट होतं. मामी म्हणाल्या, ‘आता वाढायला बसलं की पताक करूनच पुरे म्हणतात.’

आणि मग एके संध्याकाळी बाई म्हणाल्या, ‘सरी. आता यात मान घालायची.’

नाच नव्यानं शिकणाऱ्या प्रत्येकाच्या आयुष्यात ही संध्याकाळ येते आणि ती फार वाईट असते. पाय लागलेले असतात, हात लागलेले असतात, माणूस जरा फुशारलेला असतो. मान आली की तिघांचं भांडण सुरू होतं. डोळे उजवीकडे न्यायचे तर उजवा हात विसरतो. मान डावीकडे घेतली की डावा पाय तिच्या सोबतीला निघतो. बहुतेक जण मग मान खाली घालून आपलेच पाय बघत बसतात, जणू ते कुणी चोरून नेणार आहे. रायरांनी याचं जे कारण सांगितलं ते मला आजवर कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही. ‘पाय मोजायचे डोक्यानं,’ ते म्हणाले, ‘हात आठवायचे डोक्यानं. आणि आता ते डोकंच हलवायचं म्हणतात. अहो, हिशेब चालू असताना टेबल हलवतात का?’

अलारिप्पूच्या सुरुवातीला तर पायांना काम जवळजवळ नाहीच. सरळ उभं राहायचं. आधी डोळे, मग मान. ही मान वळवायची नसते, कलवायचीही नसते. खांदे जागच्या जागी ठेवून ती अख्खीच्या अख्खी उजवीकडे सरकवायची, मग डावीकडे. इथे तिला अट्टमी म्हणतात. सात वर्षांच्या पोरी हे हसत-हसत करतात. रायर मान सरकवायला गेले की खांदेही सोबत जात, खांद्यांबरोबर कंबर, आणि शेवटी सगळे रायरच वीतभर उजवीकडे सरकून उभे राहात. बाईंनी एका मुलीला त्यांचे खांदे धरायला सांगितलं. मग मुलगीसुद्धा सरकायला लागली.

गंमत अशी की वर्गाबाहेर या माणसाची मान अखंड चालू असे. एका सकाळी मी त्यांच्याबरोबर कामराज मार्केटात वांगी घ्यायला गेलो होतो. भाव ऐकल्याबरोबर मान डावी-उजवीकडे : धुत. भाजीवालीनं भाव खाली आणला नाही म्हणून तोंड फिरवलं : परावृत्त. तिनं मागून हाक मारली, तेव्हा अर्धवट वळून हनुवटी किंचित वर, ‘बरं, घाल बघू’ अशी : उत्क्षिप्त. तराजूच्या काट्यावर नजर : अधोमुख. कढीलिंब फुकट मिळत नाही म्हणताच आकाशाकडे : उद्वाहित. शेजारचा गाडीवाला मध्ये पडून काही सुचवू लागला, तेव्हा मान पूर्ण निश्चल : सम. आणि घरी मामींनी वांगी चिरून दाखवली, त्यावेळी गरगरलेली मान : आलोलित. पोथीतल्या नऊ शिरोभेदांपैकी बहुतेक सगळे मला एका वांग्याच्या खरेदीत बघायला मिळाले. बघणारी बाई नसली की रायर नर्तकच होते. ठोकळ्यावर काठी पडून ‘मामा, धुत!’ असा पुकारा झाला रे झाला की त्यांचं सम व्हायचं.

नातीचंही तिकडे तेच चाललं होतं, हे कळल्यावर रायरांना किती बरं वाटलं! रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल लागायचा. तिच्या शिक्षिकेनं आता हात-पायांना डोक्याची जोड द्यायला सांगितली होती : हात बाजूला गेला की नजर त्या हाताच्या बोटांपलीकडे गेली पाहिजे, एक खांदा किंचित पुढे, चेहरा त्या खांद्यावरून बाहेर. ‘आजोबा, माझा हात राइटला जातो आणि हेड विसरतं.’ रायर गंभीरपणे म्हणाले, ‘विसरतं नाही. ते पायांकडे बघायला जातं. लक्ष ठेव त्याच्यावर.’ हात जिकडे तिकडे नजर, हा नियम आमच्या नंदिकेश्वरानं अभिनयदर्पणात कधीच घालून दिलेला आहे, बॅलेवाल्यांना आत्ता समजतंय, असंही त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

मात्र गिरकीच्या बाबतीत नात पुढे गेली. बॅलेत गोल फिरताना घेरी येऊ नये म्हणून एक युक्ती असते. भिंतीवरचा एक ठिपका धरायचा. अंग फिरायला लागलं तरी नजर त्या ठिपक्याला चिकटवून मान शक्य तितका वेळ मागे ठेवायची, आणि अगदीच नाइलाज झाला की मान झटकन फिरवून अंगाच्या आधी पुन्हा ठिपक्यावर यायचं. नातीनं ते करून दाखवलं. रायरांनी मधल्या घरातलं रोजच्या पानाचं कॅलेंडर ठिपका म्हणून धरलं. त्यावर मुरुगन होता, वर राहुकालाची वेळ होती. अंग फिरायला लागलं. मान मुरुगनावरच राहिली. नाइलाज झाला तरी राहिली. पुढे काय झालं ते फोनला दिसलं नाही, कारण फोन उपडा पडला होता. नुसता उंजलच्या, म्हणजे झोपाळ्याच्या, साखळ्यांचा खणखणाट ऐकू आला आणि स्वयंपाकघरातून मामींचा शांत आवाज : ‘राहुकाल आहे म्हणून लिहिलंय ना त्यावर?’

यानंतर बाईंनी बाहुली आणली. तंजावरच्या बाहुल्या दोन जातीच्या. एक गोल बुडाची, कितीही पाडली तरी उठून बसणारी. दुसरी नाचणारीण : घागरा वेगळा, धड वेगळं, डोकं वेगळं, आणि प्रत्येक तुकडा आतल्या टोकावर नुसता टेकवलेला. वारा लागला, कुणी शेजारून चाललं, की कंबर एकीकडे आणि मान दुसरीकडे डुलायला लागते. बाईंनी ती नाचणारीण रायरांच्या समोर फरशीवर ठेवली आणि म्हणाल्या, ‘मामा, हिच्याकडे बघत करा.’

रायरांनी तट्टडवू सुरू केला. त्यांच्या पायांखाली फरशी अशी काही हादरली की बाहुली नाचू लागली. मान अशी सरकत होती! खांदे जागेवर, हनुवटी सरळ. मुली आपापला पाठ सोडून बाहुलीभोवती जमल्या. वर्गातली सर्वांत उत्तम अट्टमी त्या दिवशी कागदाच्या लगद्याच्या बाईनं केली, आणि तिला ताल देत होते रायर. त्यांचं स्वतःचं डोकं मात्र त्या ठिकाणी खिळ्यानं ठोकल्यागत.

‘हिला कसं जमतं?’ त्यांनी दमून विचारलं.

‘मामा,’ बाई म्हणाल्या, ‘तिच्या डोक्यात काही नाही.’

याचा त्यांना राग आला नाही. उलट ही आपली स्तुती आहे असं त्यांनी ठरवून टाकलं. बाहुली घरी नेऊन फ्रिजवर ठेवली. फ्रिजची मोटर सुरू झाली की ती मान डोलावते, आणि दर खेपेला रायर तिच्याकडे तुच्छतेनं बघतात.

मी एकदा त्यांना सुचवलं, आता पुरे करा, नातीला उत्तर गेलं ना? त्यावर ते मला मोठ्या देवळात घेऊन गेले. मला वाटलं, प्राकाराच्या भिंतीवरचा भोसलेवंशाचा मराठी शिलालेख पुन्हा वाचून दाखवणार. 1803 साली सरफोजीराजांनी कोरून घेतलेला आहे, आणि महाराष्ट्रातून आलेला पाहुणा तो वाचल्याशिवाय रायरांच्या तावडीतून सुटत नाही. पण त्या दिवशी ते विमानाकडे, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराकडे, बोट दाखवत होते. या विमानाच्या वरच्या मजल्यावर आतल्या बाजूनं शिवाची नृत्याची करणं कोरलेली आहेत. तिथे सगळ्यांना जाऊ देत नाहीत. ‘शास्त्रात करणं 108,’ रायर म्हणाले. ‘वर कोरून झालीत 81. पुढच्या दगडांची जागा तशीच रिकामी. राजराजानं 1010 साली देऊळ पुरं केलं, 400 देवदासी आणून वसवल्या, सगळं केलं. पण ही 27 करणं गेली हजार वर्षं प्रलंबित आहेत. साक्षात नटराजाचं काम अडलेलं आहे, आणि तुम्ही मला आत्ताच सोडा म्हणता?’

वळण लागलं ते बाईंच्या डोक्यामुळे. त्या मुळातल्या तंजावरच्याच, मराठी येत नसलं तरी मराठी माणूस पुरा ओळखून होत्या. त्यांच्या लक्षात आलं, की रायरांची मान सांगून हलत नाही. पटलं तरच हलते. एका संध्याकाळी त्यांनी ‘धुत’ हा शब्दच काढला नाही. काठीचा ठोका दिला आणि तालात विचारलं, ‘मामा, म्हैसूरची वीणा तंजावरपेक्षा चांगली?’

मान उजवीकडून डावीकडे गेली. खांदे जागेवर.

‘कुंभकोणमपेक्षा मद्रासची कॉफी चांगली?’

डावीकडून उजवीकडे. हनुवटी सरळ, नजर तीक्ष्ण.

‘सांबार उडुपीवाल्यांनी शोधलं?’

इथे मान एकदम दुसऱ्या कालात गेली. संभाजीराजे इथे पाहुणे आले असता त्यांच्या नावावरून सांबार झालं ही आख्यायिका रायर आख्यायिका मानत नाहीत. मग बाईंनी माझ्याकडे एक कटाक्ष टाकला आणि मोडक्या इंग्रजी-तमिळमध्ये अखेरचा ठोका दिला, ‘पुण्याचं मराठी तुमच्यापेक्षा शुद्ध?’ तिसऱ्या कालातलं असं निर्दोष धुत त्या गच्चीवर पूर्वी झालं नसेल. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी समच्या अवस्थेत बसून राहिलो.

गाडं आता कंपितापाशी अडलं आहे. कंपित म्हणजे मान वर-खाली, होकार. बाजारात रायरांच्या मानेचे बहुतेक सगळे प्रकार मला दिसले तेव्हा हा एक दिसला नव्हता, हे मला तेव्हा जाणवलं नाही. त्यात एकट्या रायरांचा दोष नाही. तंजावरात हो म्हणायला कुणी मान वर-खाली करतच नाही. ती दोन्ही खांद्यांकडे झुलवतात, चवरी ढाळल्यासारखी, आणि पोथीत त्याला परिवाहित असं वेगळं नाव आहे. बाहेरचा प्रवासी रिक्षावाल्याला ‘पेरिय कोविल?’, म्हणजे मोठं देऊळ, असं विचारतो, तो परिवाहितात उत्तर देतो, आणि प्रवासी हा नाही म्हणाला समजून चालू लागतो. पण इतरांची निदान हरकत तरी नसते. रायरांना वर-खाली होकार देण्याजोगा प्रश्नच कुणाला सापडेना.

बाईंनी कमी प्रयत्न केले नाहीत. ‘मामा, कावेरीला पाणी आलं?’ ‘आलं, पण उशिरा.’ ‘मामींचा स्वयंपाक छान?’ रायरांनी आधी दारात मामी उभ्या आहेत का ते वळून पाहिलं; ते परावृत्त झालं. ‘राजराजानं देऊळ सुरेख बांधलं?’ ‘सुरेख. पण 27 राहिली.’ काठी नुसतीच ठोकळ्यावर पडत राहिली.

शेवटी बाईंनी रविवारच्या कॉलच्या वेळीच त्यांना वर्गात बोलावलं. फोन नटराजाच्या पायाशी उभा केला. पडद्यावर नातीनं आपला पाठ करून दाखवला : हात बाजूला गेला, डोकं त्याच्यामागे गेलं, खांद्यावरून चेहरा बाहेर आला, मग एक गिरकी, मान झटकन फिरून पुन्हा जागेवर. धापा टाकत तिनं विचारलं, ‘आजोबा, आता बरोबर आलं ना?’

बाईंनी काठी उचलून धरली. मुली श्वास रोखून रायरांच्या हनुवटीकडे बघत होत्या. मान हलली. सावकाश डाव्या खांद्याकडे झुकली, तिथून उजव्या खांद्याकडे, पुन्हा डावीकडे.

‘अप्पा!’ न्यू जर्सीहून मुलगी ओरडली. ‘पोरगी वाट बघतेय. हो म्हणा की!’

‘म्हटलं ना,’ रायर म्हणाले.